मूळ दफ्तरी पुन्हा रुजू

24 फेब्रुवारी 2021 हा बुधवार होता, आणि त्या महिन्याच्या वायद्यांची मुदत दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, संपणार असल्यामुळे बाजारात सौद्यांची गर्दी होती. अशा वेळी सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराला, म्हणजे एनएसईला, आपले व्यवहार थांबवावे लागले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी 3 वाजून 45 मिनिटांनी, म्हणजे बाजार बंद होण्याची नेहमीची वेळ उलटून गेल्यावर, आणि त्या एका दिवसापुरती कामकाजाची मुदत सायंकाळी 5 वाजेपर्यंत वाढवण्यात आली. बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात सुताकापडाच्या धंद्यातून उरलेले चार पैसे मोबाइलवरून शेअरांत घालणारा गृहस्थ असो की मुंबईतील मोठा दलाल असो, त्या चार तासांत दोघांपुढे पेच एकच होता: सौदा उभा आहे, तो मिटवण्याचा नेहमीचा दरवाजा बंद आहे, आणि तो केव्हा उघडेल हे कोणालाही सांगता येत नाही. मुंबईतलाच दुसरा शेअर बाजार, म्हणजे बीएसई, चालू होता, आणि दोन्ही बाजारांच्या हिशेबपूर्तीच्या संस्थांमध्ये 2019 पासून परस्परव्यवहाराची सोय झालेली असल्यामुळे अनेकांनी आपले सौदे तेथे जाऊन मिटवले. पण ज्यांनी घाईने मिटवले आणि ज्यांनी धीर धरून वाट पाहिली, त्या दोघांच्याही पदरात काय पडले हे त्यांच्या विवेकापेक्षा योगायोगानेच अधिक ठरवले.

कारण पाहू गेल्यास ते वरकरणी अगदी क्षुल्लक. एनएसईचे मुख्य संगणककेंद्र बांद्रा-कुर्ला संकुलात, त्याचे निकटचे राखीव केंद्र कुर्ल्यात आणि दूरचे राखीव केंद्र चेन्नईत. मुख्य केंद्र आणि कुर्ला यांना जोडणाऱ्या दूरसंचार वाहिन्या दोन निरनिराळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या होत्या, हेतू हा की एकीच्या तुटल्या तरी दुसरीच्या राहाव्यात. त्या दिवशी दोघींच्याही निकामी झाल्या, आणि दोन केंद्रांमधल्या रस्त्याच्या कडेने चाललेले खोदकाम व बांधकाम हे त्याचे कारण सांगण्यात आले. वाहिनी तुटल्यावर फार तर नक्कल उतरवण्याचे काम थांबावे, मूळ दफ्तराने तरी चालत राहावे, अशी अपेक्षा असते. परंतु मुख्य केंद्रातील साठवणयंत्रणेने अनपेक्षित वर्तन केले आणि तिच्यातील डेटा सर्व्हरांना मिळेनासा झाला. सौदे जुळवणारी यंत्रणा शाबूत होती, पण सौद्यागणिक जोखीम मोजणारी यंत्रणा बंद पडली, आणि जोखीम मोजल्यावाचून सौदे होऊ देणे बाजाराच्या शिरस्त्यात बसत नाही. बाजारांची नियामक संस्था असलेल्या सेबीने त्याच दिवशी एनएसईला फर्मावले की या खंडाच्या मुळाशी जाऊन तपास करावा, आणि कामकाज राखीव केंद्राकडे का हलवले नाही याचाही खुलासा करावा. या दुसऱ्या मागणीच्या पोटात एक तिसरा प्रश्न असतो, जो सहसा कोणी विचारीत नाही आणि ज्याची चर्चा मला येथे करावयाची आहे: हलवले असते, तर परत कसे आणले असते?

संगणककेंद्रातील साठवण म्हणजे एखादी मोठी तबकडी, असे समजण्याचे कारण नाही. शेकडो तबकड्या, त्यांवर हुकूमत ठेवणारी नियंत्रकयंत्रे आणि त्यांना सर्व्हरांशी जोडणारे स्वतंत्र जाळे यांचा मिळून एक समूह बनतो. तंत्रज्ञ त्याला स्टोरेज क्लस्टर म्हणतात. एक तबकडी गेली तर दुसरीने तिचे काम उचलावे, हा या समूहाचा अंतर्गत बंदोबस्त झाला. परंतु आगीत, पुरात किंवा वीजपुरवठ्याच्या मोठ्या बिघाडात अवघी इमारतच हातची जाते, तेव्हा हा बंदोबस्त कामी येत नाही. म्हणून दुसऱ्या ठिकाणी तसाच दुसरा समूह उभारून पहिल्यातील प्रत्येक नोंद तेथे अखंड उतरवून घेतात. या क्रियेचे नाव रेप्लिकेशन.

सिंधीपुऱ्यातील एखाद्या सुताच्या पेढीची कल्पना केली म्हणजे पुढचे विवेचन सुकर होईल. पेढीची रोजकीर्द सिंधीपुऱ्यात लिहिली जाते आणि रावेरच्या भागीदाराकडे तिचीच दुसरी वही असते. मुनीम एक रीत अशी ठेवू शकतो, की रक्कम लिहिताच ती टेलिफोनवरून रावेरला सांगायची आणि तिकडून ‘लिहिली’ असे उत्तर येईपर्यंत गिऱ्हाइकाच्या हाती पावती द्यायची नाही. या रीतीला सिंक्रोनस रेप्लिकेशन म्हणतात. हिच्यात ज्या रकमेची पावती दिली ती दोन्ही वह्यांत असणारच. मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या टेलिफोनाइतके तिष्ठावे लागते. दुसरी रीत अशी, की पावती तत्काळ द्यायची आणि नोंदी मागाहून, थोड्या थोड्या वेळाने, रावेरला कळवायच्या. ही असिंक्रोनस रीत. काम झपाट्याने होते, पण सिंधीपुऱ्याच्या पेढीवर अकस्मात संकट कोसळले, तर शेवटच्या टपालानंतर लिहिलेल्या रकमा रावेरला ठाऊकच नसतात.

पहिली रीत सर्वत्र का वापरीत नाहीत, याचे उत्तर अंतरात आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. मुंबईहून भुसावळमार्गे बऱ्हाणपूर लोहमार्गाने सुमारे 500 किलोमीटर. एवढ्या लांबीच्या तंतूतून एक नोंद जाऊन तिची पोच परत यायला, वाटेतील एकही यंत्र क्षणभर रेंगाळले नाही असे धरले तरी, 5 मिलिसेकंद लागतात. आपल्याला ते जाणवणारही नाहीत. पण जी साठवणयंत्रणा एकेक नोंद मिलिसेकंदाच्या अंशमात्र काळात पुरी करते, तिच्या दृष्टीने हा विलंब कित्येक पटींचा असतो. या कारणास्तव सिंक्रोनस नक्कल त्याच शहरात, किंवा फार तर शंभरेक किलोमीटरच्या आत ठेवतात, आणि मुंबईपासून हजारांहून अधिक किलोमीटर असलेल्या चेन्नईसारख्या केंद्राकडे नोंदी मागाहून जातात. यंत्र बिघडले तर जवळच्या केंद्राने एकही नोंद न गमावता काम उचलावे, आणि अवघे शहरच संकटात सापडले तर दूरच्या केंद्राने थोडे नुकसान सोसून का होईना पण कारभार चालवावा, अशी ही दुहेरी तजवीज आहे. सेबीने 22 मार्च 2021 च्या परिपत्रकात हीच तजवीज मिनिटांत बांधून दिली: संकट ओढवल्यापासून 30 मिनिटांच्या आत ते जाहीर करावे, जाहीर केल्यापासून 45 मिनिटांत राखीव केंद्रावरून कामकाज सुरू करावे, आणि गमावलेला डेटा 15 मिनिटांपेक्षा अधिक काळाचा नसावा.

दोन केंद्रांमधील दुवा तुटला की प्रत्येक बाजूला एवढेच कळते की पलीकडून उत्तर येत नाही. पलीकडचे केंद्र नष्ट झाले आहे, की ते सुखरूप असून केवळ तार तुटली आहे, हे अलीकडे बसून जाणण्याचा मार्ग नाही. रावेरकर भागीदाराने सिंधीपुऱ्याची पेढी बुडाली असे समजून स्वतः पावत्या फाडायला सुरुवात केली, आणि इकडे मुनीमही आपल्या वहीत लिहीतच राहिला, तर सायंकाळी दोन वह्या समोर येतील, दोन्ही प्रामाणिकपणे लिहिलेल्या आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या. या अवस्थेला स्प्लिट-ब्रेन असे नाव आहे. साठवणीच्या व्यवसायात आयुष्य घालवलेली माणसे यंत्र बंद पडण्याला जितकी भीत नाहीत तितकी या अवस्थेला भितात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. कारण बंद पडलेले यंत्र पुन्हा चालू होते, परंतु एकाच खात्याचे दोन खरे इतिहास एकदा निर्माण झाले म्हणजे त्यांतील कोणता तरी एक कोणाच्या तरी तोंडावर खोटा ठरवावा लागतो. यावर उपाय म्हणून तिसऱ्या ठिकाणी एक साक्षीदार यंत्र ठेवतात. दोघांपैकी ज्याचा साक्षीदाराशी संपर्क कायम राहील त्याने बहुमताच्या बळावर लिहीत राहावे आणि दुसऱ्याने लेखणी खाली ठेवावी, असा नियम असतो.

एवढा नियम असूनही परतीचा मार्ग किती बिकट होतो, याचे अत्यंत प्रांजळ वर्णन गिटहब या अमेरिकी कंपनीने 2018 साली जगापुढे ठेवले. जगभरच्या प्रोग्रॅमरांचे लेखन ही कंपनी सांभाळते. 21 ऑक्टोबर 2018 रोजी, भारतात 22 तारखेची पहाट उजाडण्याच्या सुमारास, नादुरुस्त होत चाललेले एक प्रकाशतंतूचे उपकरण बदलण्याचे नित्याचे काम चालू असताना, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील त्यांच्या मुख्य केंद्राचा संपर्क तुटला. तो 43 सेकंदांत पूर्ववत झाला. सेवा मात्र पूर्ववत व्हायला 24 तास 11 मिनिटे लागली.

या दोन संख्यांमधील तफावत ज्याला उमगली त्याला आपला विषय उमगला. त्या 43 सेकंदांत देखरेखीच्या स्वयंचलित यंत्रणेने आपल्या नियमाबरहुकूम बहुमत घेतले आणि पश्चिम किनाऱ्यावरील डेटाबेसांना मुख्यपद बहाल केले. पूर्व किनाऱ्यावर मात्र अशा काही सेकंदांच्या नोंदी झालेल्या होत्या, ज्या पश्चिमेकडे पोचल्याच नव्हत्या. संपर्क जुळताच सर्व नव्या नोंदी पश्चिमेकडे जाऊ लागल्या, आणि अभियंत्यांना परिस्थितीचा पूर्ण उलगडा होईपर्यंत तेथे जवळजवळ 40 मिनिटांचे लेखन साचले. आता मुख्यपद सरळ पूर्वेकडे परत द्यावे तर ती 40 मिनिटे जातात. पश्चिमेकडेच ठेवावे तर पूर्वेतील ते सेकंद जातात, शिवाय प्रत्येक नोंदीला खंड ओलांडून जावे लागत असल्यामुळे सेवा इतकी मंदावते की ती असून नसल्यासारखी होते. त्यांनी निर्णय केला की लोकांची गैरसोय झाली तरी चालेल, डेटाची अखंडता राखायची. काही सेवा त्यांनी बुद्धिपुरस्सर बंद ठेवल्या. दर 4 तासांनी घेतलेल्या आणि अन्यत्र ठेवलेल्या प्रतींवरून पूर्वेचे डेटाबेस नव्याने उभे केले, ज्यात कित्येक टेराबाइट डेटा हलवण्यातच तास गेले. मग त्या पुनरुज्जीवित डेटाबेसांनी पश्चिमेकडून पुढच्या नोंदी उतरवून घ्यायला आरंभ केला, आणि ते बरोबरीला आल्यावरच मुख्यपद पूर्वेकडे आले. येथेही त्यांचा अंदाज चुकला. उरलेले अंतर समान गतीने कमी होईल असे त्यांनी धरले होते. पण युरोपात आणि अमेरिकेत सकाळ होऊन कामाचा भार वाढला, नव्या नोंदी वेगाने येऊ लागल्या, आणि मागे राहिलेल्या प्रती जितक्या पुढे सरकाव्यात तितके लक्ष्यही पुढे सरकू लागले. शेवटी वाचनाचा भार वाटून घ्यायला जादा प्रती उभाराव्या लागल्या. त्यांच्या सर्वांत व्यग्र डेटाबेस-समूहांपैकी एकात पोरक्या राहिलेल्या नोंदी भरल्या 954, आणि त्यांतील कोणत्या यंत्राने जुळवता येतील व कोणत्यांसाठी प्रत्यक्ष वापरकर्त्याशी बोलावे लागेल, हे तपासण्याचे काम सेवा सुरू झाल्यावरही चालूच राहिले.

तेव्हा परतीची रीत सावकाश समजून घेतली पाहिजे. पेढीवरचे संकट टळले, दुरुस्ती झाली, सिंधीपुऱ्याचे दुकान पुन्हा उघडले. मुनीम गादीवर बसतो, जुनी वही उघडतो आणि आजची पहिली रक्कम लिहू लागतो. सर्वांत स्वाभाविक असे हे कृत्य सर्वांत घातकही आहे. वही मूळची, मुनीम मूळचा, जागा मूळची. पण गेले काही दिवस खरा कारभार रावेरला झाला आहे आणि अधिकार तेथेच आहे. जुन्या मुख्य केंद्राला हे कोणी तरी बाहेरून सांगावे लागते, कारण ते कोसळले त्या क्षणी ‘मी मुख्य’ हीच त्याची शेवटची स्मृती असते आणि उठताना ती घेऊनच ते उठते. म्हणून सुज्ञ व्यवस्थेत त्याचे लिहिण्याचे अधिकार ते उठण्यापूर्वीच काढून घेतलेले असतात. याला फेन्सिंग म्हणतात. शिवाय मुख्यपद हस्तांतरित झाले की दर वेळी एक क्रमांक वाढवण्याचा प्रघात आहे, जेणेकरून जुना क्रमांक घेऊन आलेला हुकूम कोणीच मानीत नाही. सेफ नावाची जी मुक्त साठवणप्रणाली आज अनेक ठिकाणी वापरात आहे, तिच्यात हे अगदी स्पष्ट दिसते: संकटकाळी दूरच्या प्रतीला सक्तीने मुख्यपद दिलेले असेल, तर जुने केंद्र परत आल्यावर दोन्हीकडे मुख्यपदाचा दावा उरतो, प्रणाली नक्कल उतरवण्याचे काम थांबवते, आणि प्रशासकाने स्वतःच्या हाताने जुन्या प्रतीची पदावनती करून ‘पुन्हा नव्याने जुळवून घे’ असा आदेश दिल्याखेरीज गाडे हलत नाही. हा निर्णय यंत्रावर न सोपवता माणसावर सोपवण्यात तिच्या कर्त्यांनी मोठा विवेक दाखवला आहे, असे मी समजतो.

अधिकार कोणाचा हे ठरले म्हणजे रुजुवात करावयाची. दोन्ही वह्या शेजारी ठेवून जेथपर्यंत ओळ न् ओळ जुळते ती शेवटची समाईक नोंद शोधायची. यासाठी घड्याळाच्या वेळेवर विसंबून चालत नाही, कारण दोन ठिकाणची घड्याळे किंचित मागेपुढे असतात आणि यंत्रांच्या जगात त्या किंचित अंतरात सहस्रावधी नोंदी मावतात. म्हणून प्रत्येक नोंदीला चढता अनुक्रमांक दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानतात. समाईक नोंदीच्या पुढे जुन्या केंद्रात ज्या थोड्या नोंदी राहिल्या असतील, त्या पुसून टाकण्याचा मोह फार मोठा असतो, कारण त्या पुसल्याशिवाय दोन्ही बाजू एक होत नाहीत. पण त्या नोंदींमागे माणसे असतात. कोणी पैसे भरलेले असतात, कोणी अर्ज केलेला असतो, आणि सिंक्रोनस रीत नसेल तर त्याला पावतीही मिळालेली असते. म्हणून पुसण्यापूर्वी त्यांची स्वतंत्र प्रत काढून ती जाणत्या माणसाच्या हवाली करायची, आणि त्याने एकेकीचा निकाल लावायचा: ही रक्कम गिऱ्हाइकाने नंतर रावेरला पुन्हा भरली की काय, भरली नसेल तर ती आता जमेस धरायची की परत करायची. हे काम कंटाळवाणे आणि मानाचे नसलेले आहे. संस्थेची खरी नियत मात्र मला येथे दिसते.

यानंतर प्रवाहाची दिशा उलटी होते. आजवर सिंधीपुरा सांगे आणि रावेर लिहून घेई. आता रावेर सांगणार आणि सिंधीपुरा लिहून घेणार. किती लिहून घ्यावे लागेल, हे आधी केलेल्या तरतुदीवर अवलंबून असते. राखीव केंद्राने संकटाच्या क्षणापासून ‘अमुक अमुक पानांना हात लागला’ अशी खूण ठेवली असेल, जिला बिटमॅप म्हणतात, किंवा सर्व बदलांची क्रमवार बखर जपली असेल, जिला जर्नल म्हणतात, तर तेवढाच फरक पाठवला की भागते. ती खूण नसेल, किंवा खंड इतका लांबला असेल की जर्नलला नेमून दिलेली जागा भरून जुन्या नोंदींवर नव्या नोंदी चढल्या असतील, तर सगळेच दफ्तर पहिल्या पानापासून उतरवावे लागते. हा भेद हिशेबाने दाखवतो. सेकंदाला 10 गिगाबिट वाहून नेणारी वाहिनी पूर्ण क्षमतेने वापरली, तर 1 टेराबाइट फरक पाठवायला सुमारे 13 मिनिटे लागतात. सगळा 100 टेराबाइट डेटा पाठवायला 22 तास. त्यातही त्याच वाहिनीची 6 गिगाबिट क्षमता चालू कारभाराच्या नव्या नोंदींनी अडवली, तर 22 तासांचे सुमारे 55 तास होतात. आणि नव्या नोंदी वाहिनीच्या क्षमतेइतक्याच वेगाने येऊ लागल्या, तर परत येणे कधीच पुरे होत नाही.

या तासांतच सर्वांत मोठा धोका असतो. उतरवण्याचे काम बहुधा नोंदींच्या काळक्रमाने न होता तबकडीवरील जागेच्या क्रमाने होते, त्यामुळे ते अर्धवट असेपर्यंत सिंधीपुऱ्याच्या वहीत काही पाने आजची आणि काही गेल्या आठवड्यातली अशी खिचडी असते. ती वही जुनी म्हणूनही उपयोगाची राहिलेली नसते आणि नवी म्हणूनही उपयोगाची झालेली नसते. त्याच वेळी रावेरला काही बरेवाईट झाले, तर दोन केंद्रे असूनही धड प्रत एकही उरत नाही. यासाठी पहिले पान बदलण्यापूर्वी जुन्या समूहाचा त्या क्षणीचा स्नॅपशॉट घेऊन ठेवतात, आणि या दोन्ही केंद्रांशी संबंध नसलेली तिसरी प्रत, म्हणजे खरा बॅकअप, जागेवर आहे आणि उघडतो आहे याची आधीच खात्री करून घेतात. नक्कल आणि बॅकअप यांची गल्लत आपल्याकडे सर्रास होते. नक्कल ही चूकसुद्धा इमानाने उतरवून घेते. मुख्य केंद्रात एखादे खाते चुकून पुसले गेले, तर दुसऱ्याच क्षणी ते राखीव केंद्रातही पुसलेले असते. आणि जेथे नक्कलही नाही आणि बॅकअपही नाही, तेथे परतीचा प्रश्नच उद्भवत नाही. 26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी संगणककेंद्राला आग लागली, तेव्हा सरकारी नोकरांच्या कागदपत्रांचा 858 टेराबाइटांचा संग्रह नष्ट झाला. त्याचा आवाका फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रत ठेवलेलीच नव्हती.

जुने केंद्र बरोबरीला आले म्हणजे मुख्यपद परत देण्याचा मुहूर्त ठरवतात. वर्दळ कमी असेल अशी वेळ निवडायची, नव्या नोंदी घेणे काही क्षण थांबवायचे, वाटेत असलेली शेवटची नोंद पोचू द्यायची, दोन्हीकडचे शेवटचे अनुक्रमांक आणि पडताळ्याच्या बेरजा जुळवायच्या, मग रावेरचे लिहिण्याचे अधिकार काढून घ्यायचे आणि त्यानंतरच सिंधीपुऱ्याला द्यायचे. हा क्रम उलटा झाला, तर क्षणभर का होईना दोन मुनीम लिहू लागतात. सर्व काही योजल्याप्रमाणे घडले, की गिऱ्हाइकाला एक दीर्घ श्वास घेण्याइतकाच खंड जाणवतो.

कारभार मूळ जागी आला, तक्रारी थांबल्या, अनेक रात्री जागलेली माणसे घरी गेली. याच घटकेला पुष्कळ संस्थांची परतीची क्रिया अपुरी राहते. सिंधीपुरा लिहू लागला, पण रावेरला कळवायचे ते पुन्हा सुरू झाले का? राखीव केंद्राची भूमिका बदलावी लागते, त्याने पुन्हा श्रोता व्हावे लागते, दोहोंमधील सिंक्रोनस दुवा पुन्हा बांधावा लागतो, आणि तो बांधला गेला आहे हे फलकावरील हिरव्या दिव्यावरून न मानता, एक नोंद मुद्दाम इकडे लिहून ती तिकडे वाचून पाहावी लागते. हे राहून गेले तर सेवा महिनोन्महिने बिनतक्रार चालते आणि कोणाला काही कळत नाही. कळते ते पुढच्या संकटाच्या दिवशी, राखीव केंद्र उघडल्यावर त्यातील शेवटची तारीख मागल्या संकटाची निघते तेव्हा. ज्या साधनांनी ही फिरवाफिरव करायची ती साधनेही दोन्ही ठिकाणी असावी लागतात. 15 ऑक्टोबर 2022 रोजी कोरियातील पांग्यो येथील संगणककेंद्राच्या आगीनंतर काकाओ या कंपनीच्या सेवा पूर्ववत व्हायला 5 दिवसांहून अधिक काळ गेला, त्याचे एक कारण असे की डेटाच्या प्रती अन्यत्र होत्या, पण सेवा हलवण्याची साधनेच दुसरीकडे ठेवलेली नव्हती.

येथे एक मूलभूत शंका उपस्थित करता येते, आणि ती मला वजनदार वाटते. परत यायचेच कशाला? दोन्ही केंद्रे समान क्षमतेची असतील, तर एकाला कायमचे मूळ आणि दुसऱ्याला कायमचे राखीव मानण्याऐवजी त्यांनी आळीपाळीने कारभार का करू नये? अशा रीतीत परत येणे हा संकटानंतरचा अपवाद राहत नाही, तो नित्याचा पाठ होतो, आणि जो पाठ कामकाजाच्या दिवशी, दिवसाढवळ्या, शांत चित्ताने म्हटलेला असतो तो संकटाच्या रात्री विसरला जात नाही. आपल्या बाजारसंस्थांची पावले या दिशेने पडत आहेत. 2 मार्च आणि 18 मे 2024 या दोन शनिवारी, एरवी सुट्टी असताना, शेअर बाजारांनी विशेष सत्रे भरवली. पहिले छोटे सत्र मुख्य केंद्रावरून आणि काही काळाच्या अंतराने दुसरे राखीव केंद्रावरून, खऱ्या सौद्यांसह आणि खऱ्या पैशांनिशी. सिंधीपुऱ्यातील ज्या गुंतवणूकदाराने त्या शनिवारी सवयीने मोबाइल उघडून चार शेअर घेतले, त्यालाही आपण एका मोठ्या रंगीत तालमीत सामील आहोत हे बहुधा जाणवले नसेल, आणि तालीम यशस्वी होण्याचे लक्षण तेच.

तथापि माझी एक मागणी उरते. राखीव केंद्राकडे जाण्याची मुदत आपण मिनिटांत बांधली आणि त्या मिनिटांचा जाबही विचारू लागलो. परतीच्या प्रवासाचाही तसाच लेखी हिशेब लोकांपुढे यावा. बाजार, बँका, रुग्णालये, भूमिअभिलेखांची कार्यालये, जेथे जेथे लोकांची दफ्तरे आता यंत्रांत गेली आहेत, त्या प्रत्येक संस्थेने खंडानंतर प्रसिद्ध करायच्या अहवालात सेवा केव्हा सुरू झाली याबरोबर आणखी तीन गोष्टी सांगाव्यात: दोन प्रतींमध्ये न जुळणाऱ्या नोंदी किती निघाल्या व त्यांचा निकाल कसा लावला, किती तास लोकांचा डेटा एकाच धड प्रतीच्या भरवशावर राहिला, आणि मूळ केंद्राकडून राखीव केंद्राकडे जाणारे रेप्लिकेशन कोणत्या तारखेला, किती वाजता, तपासून पुन्हा सुरू झाले.